अभ्यास झालेला असतो, पण पेपर हातात आला की डोकं बधिर होतं : नेमके उपाय हवेत

कोरं_पान :
प्रश्न भाच्यासाठी आहे. वय सतरा. परीक्षेला तीन आठवडे उरलेत. तीन-तीन तासांचे लेखी पेपर, प्रत्येकी शंभर मार्कांचे. अभ्यास करत नाही असं मुळीच नाही, घरी विचारलं तर उत्तरं येतात. पण प्रश्नपत्रिका हातात पडली की हातपाय गार, घशाला कोरड, आणि पहिला प्रश्न चारदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. पंधरा-वीस मिनिटं अशीच जातात आणि शेवटचे प्रश्न राहून जातात. बाहेर आला की जिन्यातच सगळं आठवतं.

"टेन्शन घेऊ नकोस" हे सांगून झालंय, त्याचा उपयोग शून्य. काय करायचं, किती वेळ, कधीपासून, आणि करूनही का फसतं, एवढं कोणी नीट सांगेल का?

उजळणीबाज :
जिन्यात आठवतं ही खूण मोलाची आहे. शिकलेलं पुसलं गेलेलं नाही, फक्त त्या वेळी हाताशी आलं नाही. एका वेळी डोक्यात आपण जेमतेम तीन-चार गोष्टी धरून ठेवू शकतो. प्रश्न समजून घेणं, मुद्दे जुळवणं, वाक्य मनात बांधणं, सगळं त्या तेवढ्याशा जागेत चालतं. "नापास झालो तर", "बाजूच्याने पुरवणी मागितलीसुद्धा" हे विचार तिथेच ठाण मांडून बसले की प्रश्नाला जागाच उरत नाही. म्हणून चारदा वाचूनही शिरत नाही. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग पाडण्याची पद्धत १९६७ पासूनची आहे : एक शरीराची धडधड, दुसरी मनातली काळजी. मार्क खाते ती मुख्यतः काळजी. धडधड नुसती असली तर पेपर सहसा निभावतो.

श्वासाबिसाचे उपाय दुसरे कोणी सांगतीलच, ते प्रथमोपचार आहेत. खरं काम या तीन आठवड्यांत, अभ्यास कसा करतो त्यात आहे.

"घरी विचारलं तर येतं" यात एक गोम आहे. घरी विचारताना प्रश्नातच अर्धी खूण असते, धडा कालच वाचलेला असतो आणि घड्याळ लावलेलं नसतं. धडा परत परत वाचला की पान ओळखीचं होतं, आणि मुलाला वाटतं आपल्याला येतंय. २००६ मधल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर उलट. २०१६ मध्ये तर मुद्दाम ताण देऊन तपासलं : वाचून शिकलेल्यांचं स्मरण ताणाखाली घसरलं, आठवून शिकलेल्यांचं टिकलं. भाच्याला हवंय ते नेमकं हेच.

पद्धत साधी. कोरा कागद, एक टॉपिक, पुस्तक बंद, दहा मिनिटांचा गजर. आठवेल ते सगळं निळ्या पेनाने लिहायचं : मुद्दे, सूत्रं, आकृत्या, अर्धवट असलं तरी चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरायचं. पुढच्या उजळणीला फक्त लाल भाग. हाच टॉपिक दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर.

फसतं कुठे, तर अर्ध्या मिनिटात पुस्तक उघडलं जातं. अडलं की निदान दोन मिनिटं तरी अडून बसायचं. ती खटपट म्हणजेच सराव. दुसरी चूक, एका दिवशी एकाच धड्याचे सगळे प्रश्न. पेपरात धडे सरमिसळ येतात, मग "हा प्रश्न कुठल्या धड्यातला" हे ओळखण्यातच डोकं थांबतं. दोन-तीन धड्यांचे प्रश्न मिसळून घ्या. आणि पहिले दोन-तीन दिवस कागद लालेलाल होणार, मुलगा म्हणणार मला काहीच येत नाही. ते त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो चौथ्या दिवशी गुपचूप पुन्हा वाचनाकडे वळेल.

घड्याळजी :
वरच्या प्रतिसादाला जोड : कोऱ्या कागदाबरोबर परीक्षेची रंगीत तालीम हवी. पहिल्या आठवड्यात अर्धा पेपर, दीड तास, दोनदा. पुढच्या दोन आठवड्यांत आठवड्याला दोन पूर्ण पेपर. खऱ्या परीक्षेची जी वेळ तीच, टेबल-खुर्ची, तेच पेन, समोर घड्याळ, फोन दुसऱ्या खोलीत. मध्ये उठायचं नाही, पुस्तक नाही, "हा प्रश्न नंतर बघू" म्हणून घड्याळ थांबवायचं नाही.

तुमच्या भाच्याचा घोटाळा पहिल्या वीस मिनिटांत आहे, म्हणून तेवढ्याचीच वेगळी तालीम रोज करता येईल. न पाहिलेली प्रश्नपत्रिका उलटी ठेवा. गजर लागला की सुलटी करायची, सगळी वाचायची, हमखास येणाऱ्या प्रश्नांपुढे बरोबरची खूण, विचार करावा लागेल तिथे टिंब, अवघड तिथे काही नाही. कुठून सुरुवात करायची ते ठरवून पहिल्या उत्तराच्या चार ओळी लिहायच्या. दहा मिनिटं झाली की थांबायचं. पूर्ण पेपर रोज जमत नाही, हे जमतं. दोन आठवड्यांत प्रश्नपत्रिका उघडण्याचा तो क्षण अंगवळणी पडतो.

तपासताना मार्क मोजून सोडून देऊ नका. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे कारण लिहा : माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. पहिल्याला अभ्यास, दुसऱ्याला कोरा कागद, तिसऱ्याला प्रश्नातल्या "तुलना करा", "कारणे द्या", "कोणतेही दोन" या शब्दांखाली रेघ मारायची सवय, चौथ्याला वेळेचं गणित. सगळ्याला एकच औषध "अजून अभ्यास कर" हे दिलं जातं, आणि मुलं रात्री जागायला लागतात.

निवांत :
आता प्रथमोपचार. श्वासाबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं ते "खोल श्वास घे". घाबरलेला मुलगा मग मोठेमोठे श्वास भराभर घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. भर उच्छ्वासावर हवा. नाकाने चार अंकांपर्यंत आत, पोट फुगेल इतपतच, छाती ताणून नाही. मग सहा अंकांपर्यंत सावकाश बाहेर. एक फेरी साधारण दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा. रोज पाच मिनिटं, आजपासून. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच करून पाहिलं तर चालत नाही. तिथे डोकं मोजायलाही तयार नसतं.

हॉलमधल्यासाठी आखूड प्रकार : नाकाने श्वास, तो सोडायच्या आत वर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब सोडणे. दोन-तीनदा. वीस-तीस सेकंदांत होतं आणि शेजाऱ्यालाही कळत नाही.

दुसरं, स्नायू. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली पद्धत आहे, मूळ प्रकार लांबलचक. खुर्चीतला छोटा प्रकार असा : दोन्ही मुठी पाच सेकंद आवळा, दहा-पंधरा सेकंद सैल सोडा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा. तळपाय जमिनीवर दाबा, सोडा. जीव खाऊन आवळायचं नाही, पेटके येतील. आवळण्यापेक्षा सोडतानाच्या फरकाकडे लक्ष द्यायचं. पेन गच्च धरणाऱ्या मुलांचा हात तासाभरात दुखायला लागतो, त्यांनी दर उत्तरानंतर पेन खाली ठेवून बोटं मोकळी करावीत.

शंकासुर :
नेहमीप्रमाणे विरोधी सूर. मुळात शांत व्हायचं कशाला? १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून एक गोष्ट सांगितली जाते की थोडी उत्तेजना कामाला मदतच करते, अति झाली की काम बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितकं ते लवकर बिघडतं. उंदरांवरून माणसांच्या पेपराबद्दल फार छातीठोक बोलू नये, पण धडधड म्हणजे संकट ही समजूत सोडायला एवढं पुरे. धडधडत्या छातीला "शांत हो" म्हणणं अवघड असतं. त्याऐवजी "अंग तयार होतंय, चला" असं स्वतःशी म्हणणं सोपं, कारण त्यात धडधड थांबवावी लागत नाही. २०१४ मध्ये गाणं, भाषण आणि गणित अशा तिन्ही कामांत हे तपासलं गेलं. "मी उत्साहात आहे" म्हणणारे "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

आणि पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातल्या काळज्या कागदावर लिहून काढाव्यात, त्याने घाबरट मुलांचे मार्क वाढतात, असं २०११ च्या अभ्यासात दिसलं होतं. फुकटचा उपाय आहे.

उजळणीबाज :
शंकासुर, तुमच्याच नावाला जागून एक शंका : तोच २०११ चा प्रयोग पुढे दुसऱ्या संशोधकांनी जास्त मुलं घेऊन पुन्हा केला, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला आणि त्यात तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा मार्क वाढतील असं मुलाला सांगू नये. मन हलकं होत असेल तर घरून निघण्याआधी लिहावं, फाडून टाकावं. लिहिल्याने विचार उलट भरभरून येत असतील तर सोडून द्यावं. परीक्षेच्या दारात प्रयोग नको, आधी एका सराव पेपराला करून पाहा.

शंकासुर :
मान्य. पहिला मुद्दा मात्र सोडणार नाही.

रातवा :
झोपेबद्दल अजून कोणी बोललं नाही. सतराव्या वर्षी आठ ते दहा तास लागतात. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, त्यामुळे नाइट मारून वाचलेला धडा हा दुहेरी तोटा : तो धड पक्का होत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं डोकं जातं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलं गेलंय. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकरानंतर वाचतोय ते कोणत्या अवस्थेत, याचा हिशोब करा.

उशिरा झोपायची सवय असेल तर एकदम दोन तास अलीकडे ओढू नका, नुसता पडून राहील आणि चिडेल. उठायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा, उठल्याबरोबर उजेडात बसवा. झोपायची वेळ मागोमाग सरकते. तीन आठवड्यांत दीड-दोन तास आरामात सरकतात. चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक झोपेच्या निदान सात-आठ तास आधी बंद : कॅफीनचा निम्मा भाग शरीरात साधारण पाच तासांनीही शिल्लक असतो.

पेपरच्या आदल्या रात्री झोप नाही लागली तर? एका रात्रीने पेपर जात नाही. जातो तो "झोप लागली नाही, आता मेलो" या विचाराने. घड्याळ उलटं करून ठेवावं, वीसेक मिनिटांत नाही लागली तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं, डोळे जड झाले की परत अंथरुणात.

एक धोक्याची सूचना. धडधड थांबवायला प्रोप्रानोलॉल नावाची गोळी मुलं एकमेकांकडून घेतात. दमा असणाऱ्याला ती धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांनी त्याच मुलाला तपासून दिली तरच. झोपेच्या गोळ्यांनाही तोच नियम.

दारापाशी :
थोडक्यात, पण राहू नये म्हणून. पेपरच्या दिवसापुरता ताण वेगळा. दोन आठवडे झाले तरी झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीत रस नाही, पुस्तक उघडलं तरी रडू, किंवा धाप लागून घाम फुटण्याचे झटके वारंवार, तर हा अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, परीक्षा होऊ दे मग बघू म्हणू नका. "जगून काय उपयोग" असं काही बोलला तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आणि घरच्यांसाठी : "किती पडतील?" ऐवजी "उद्या कुठला टॉपिक?" एवढंच. शेजारच्या मुलाचं नाव तर काढूच नका.

कोरं_पान :
सगळ्यांचे आभार. त्याला कोरा कागद दिला, पंधरा मिनिटांत लालेलाल करून परत आणला, आणि "मावशी, हे होणारच ना?" असं विचारलं. आधी सांगून ठेवल्याचा उपयोग झाला.

आता दोन प्रश्न. तालीम करूनही हॉलमध्ये डोकं बधिर झालंच, तर त्या मिनिटाला काय? आणि वेळेचं गणित म्हणजे नक्की कसं?

घड्याळजी :
गणित आधी, कारण ते घरीच होतं. १८० मिनिटं. त्यातली १० वाचायला, १५ शेवटी तपासायला. उरली १५५, मार्क १००, म्हणजे मार्काला दीड मिनिटाहून किंचित जास्त. पाच मार्कांच्या उत्तराला साडेसात मिनिटं, दहाच्या उत्तराला पंधरा. पेपर अकराला सुरू होत असेल तर २५ मार्कांचं लिहून ११:५० ला, ५० चं साडेबाराला, ७५ चं एक वाजून पाच मिनिटांनी संपलेलं हवं. एवढ्या तीनच वेळा पाठ करायच्या आणि पेपर सुरू झाल्यावर कच्च्या कामाच्या जागेत लिहायच्या. प्रवेशपत्रावर किंवा हातावर नाही, उगाच कॉपीचा संशय. दर प्रश्नाला घड्याळ बघणाऱ्याचा ताण वाढतो, तीनदा बघणं पुरतं.

वेळ संपली आणि उत्तर अर्धंच असेल तर दोन ओळी सोडून पुढे जा. दहापैकी सहा मिळालेल्या उत्तरावर आणखी दहा मिनिटं घालून एखादा मार्क वाढतो. तीच दहा मिनिटं न लिहिलेल्या प्रश्नाला दिली तर तीन-चार मिळतात.

आता बधिर झाल्यावरचं. पेन खाली. तळपाय जमिनीवर दाबायचे, निवांत यांनी सांगितलेले दोन-तीन लांब उच्छ्वास. नजर प्रश्नावरून काढायची, कारण त्याच ओळीकडे टक लावून बसल्याने ती आणखी परकी होते. मग बरोबरची खूण केलेला सगळ्यात सोपा प्रश्न घ्यायचा, एक-दोन मार्कांचा असला तरी, आणि उत्तर लिहायचं. हात चालू झाला की डोकं मागून येतं. पहिला प्रश्न पहिल्यांदाच लिहायचा असा नियम नसेल, तर तसा हट्ट कशाला? फक्त प्रश्नक्रमांक ठळक आणि बिनचूक घालायचा.

अडलेल्या प्रश्नाकडे परत आल्यावर कच्च्या जागेत त्या विषयाचे सुटे शब्द लिहायचे : धड्याचं नाव, आकृतीचं एखादं लेबल, त्या आधीचा मुद्दा, वर्गात शिकवताना आलेलं उदाहरण. एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. दोन मिनिटांत काहीच हाती नाही लागलं तर जागा सोडून पुढे, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पुन्हा. तीन टप्प्यांचं हे सगळं सराव पेपरात मुद्दाम एकदा करून पाहायचं, अडलेलं नसलं तरी.

शंकासुर :
एखादा पेपर पर्यायी प्रश्नांचा असेल तर आणखी थोडं गणित. चार पर्याय आणि चुकीला मार्क कापत नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवू नये. चुकीला पाव मार्क कापत असतील तर आंधळ्या अंदाजातही सरासरी किंचित फायदाच. एक तृतीयांश कापत असतील तर आंधळा अंदाज ना नफा ना तोटा, पण एक पर्याय खात्रीने खोडता आला की अंदाज फायद्याचा. "पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये" हा सल्ला मात्र विसरा. कारण सापडलं असेल तर बदलावं. उत्तर बदलून फायदा होणारेच जास्त असतात, लक्षात मात्र बदलून चुकलेलं राहतं. नुसती हुरहुर वाटते म्हणून खोडाखोड करू नये, एवढंच पथ्य.

कोरं_पान :
शेवटचं विचारते. दोन पेपर लागोपाठच्या दिवशी आहेत. मधली संध्याकाळ कशी घालवायची?

रातवा :
पेपर संपल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत थांबायचं नाही, सरळ घरी. चुकलेलं कळून मार्क परत येत नाहीत, दुसऱ्या पेपरची संध्याकाळ मात्र जाते. प्रश्नपत्रिका कपाटात. जेवण, आंघोळ, हवं तर वीस मिनिटांची डुलकी, पण दुपारी तीन-साडेतीनच्या आत आणि गजर लावून. तासभर झोपला तर उठल्यावर सुस्ती आणि रात्री टक्क डोळे.

मग चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार बैठका, मध्ये दहा मिनिटं उठून चालणं. बैठकीत फक्त लाल शाईतलं, तेही आधी न बघता आठवून. ऑप्शनला टाकलेला धडा त्या संध्याकाळी उघडायचा नाही : अर्धवट कळतो, आणि "हेही राहिलं" ही भावना येत असलेल्या धड्यांवरही पसरते. झोपायच्या तासभर आधी पुस्तकं बंद. पेनं दोन, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली, घड्याळ पिशवीत भरून ती दारापाशी. सकाळी चाळायला एकच पान ठेवा, सूत्रांचं किंवा मुद्द्यांचं, त्याच्याच अक्षरातलं. ते पहिल्या पेपरच्याही आधी तयार हवं, त्या मधल्या संध्याकाळी बनवायला बसला तर दोन तास तिथेच जातील.